कणसामागचा डोंगर

माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात भाताचे एक कणीस आहे. दाणे केव्हाच गळून गेले. उरली आहे ती पिवळी काडी आणि पानावर उमटलेला तिचा डाग. वसईत आम्हा ख्रिस्ती लोकांचा आगेरा असतो, ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या रविवारी. नव्या भाताची कणसे चर्चमध्ये न्यायची, फादरांनी त्यांच्यावर आशीर्वादाचे पाणी शिंपडायचे, आणि मग ती घरी आणून क्रुसाशेजारी खोचायची. हे कणीस आजीने खोचलेल्या शेवटच्या जुडीतले. ज्या शेतात ते पिकले तिथे आज सात मजली इमारत आहे, आणि तिच्या टाकीत टँकरचे पाणी चढते.

ते पुस्तक पिशवीत टाकून मी एका सप्टेंबरात बाजारकुणंगला गेले होते. उत्तर कन्नड जिल्ह्यातला जोयडा तालुका म्हणजे सह्याद्रीचा माथा. तालुक्याचे जुने नाव सुपा. ते सुपा गाव काळी नदीवरच्या धरणात बुडाले आणि कचेऱ्या जोयड्याला आल्या. काळी उगवते तीही याच मुलखात, दिग्गीच्या बाजूला. बाजारकुणंगच्या नावात बाजार आहे, पण आजूबाजूला आहे ते रान, आणि रानाच्या खोबणीत भाताच्या चिंचोळ्या पट्ट्या. वस्ती कुणब्यांची. पाऊस असा की छत्री उघडण्याला अर्थ नव्हता. भात पोटरीत आले होते. कुठे कुठे एखादे कणीस उतावळेपणाने बाहेर डोकावलेले.

ज्या घरी उतरले त्या घरच्या आजींनी मला झर दाखवली. डोंगराच्या पोटातून येणारे बोटभर पाणी बांबूच्या पन्हळीतून खाली पडत होते. सगळीकडे पाणीच पाणी असताना या बोटभर धारेचे काय कौतुक, असे माझ्या चेहऱ्यावर उमटले असावे. आजी त्यांच्या बोलीत जे म्हणाल्या त्याचा अर्थ असा: पावसात पाणी कुणीही देते, डोंगर मे महिन्यात देतो.

परत आलो तर दाराच्या चौकटीवर माझी नजर गेली. आंब्याच्या वाळक्या पानांत बांधलेली गेल्या वर्षीची कणसे. नव्या पिकाची म्हणून बांधलेली ही कणसे म्हणजे त्यांचे नवे. मी पुस्तक उघडून माझे कणीस दाखवले. आजींनी ते हातात घेतले, उजेडाकडे धरले, काडी बोटांत फिरवली. ते कुठल्या चर्चमधले, त्याला कसला आशीर्वाद, यातले त्यांनी काही विचारले नाही. त्यांनी एवढेच विचारले, "भात कुठलं?"

मला सांगता आले नाही. जातही नाही, शेतही नाही, पाणी कुठले तेही नाही. चाळीस वर्षे मी ते जपले होते ते केवळ पवित्र म्हणून.

सप्टेंबरची आठ तारीख नुकतीच होऊन गेली होती. त्या दिवशी पवित्र मरियेचा जन्मदिन. मंगळुरूपासून वर किनाऱ्याने हा सण मोंती फेस्त म्हणून होतो. नऊ दिवस मुले परड्या भरभरून फुले आणतात, सणाच्या दिवशी नव्या कणसांना आशीर्वाद मिळतो, आणि त्यातले चार दाणे दुधात किंवा खिरीत घालून घरातले सगळे खातात. त्या दाण्यांनाही नवेच म्हणतात. गोव्यात कणसांचे फेस्त त्याआधी, ऑगस्टमध्ये. रायच्या चर्चचे पहिले. मुंबईत आठ सप्टेंबरच्याच आठवड्यात वांद्र्याच्या टेकडीवर मोत माउलीची जत्रा भरते. मराठी कानाला त्या नावात मोती ऐकू येतो, पण मोत काय आणि मोंती काय, मूळ शब्द पोर्तुगीज मोंते, म्हणजे डोंगर. आपण इतकी वर्षे जिला हाक मारतो आहोत ती डोंगराची माउली आहे, हे त्या हाकेतच होते. आम्ही कणीस लक्षात ठेवले, आणि नावातला डोंगर मात्र नुसता उच्चारत राहिलो.

जोयड्याच्या कुणब्यांच्या आठवणीत एक वाट आहे. आमचे वाडवडील गोव्यातून घाट चढून वर आले, असे ते सांगतात. काही फिरंग्यांच्या काळात, धर्म वाचवायला. खाली राहिलेल्यांतले अनेक ख्रिस्ती झाले. साष्टीत आजही ख्रिस्ती कुणबी आहेत. वरच्यांनी देव नेले, खालच्यांनी क्रूस घेतला. कणीस मात्र दोघांनी सोडले नाही. एकाने ते चौकटीला बांधले, दुसऱ्याने वेदीवर ठेवले. या घाटाच्या दोन्ही बाजूंना गेल्या काही वर्षांत डोंगरांसाठी जी माणसे उभी राहिली त्यांच्याविषयी मी खूप वाचले होते, पण त्यांना समजून घ्यायला मला ही चौकट लागली.

या माथ्यावरून पश्चिमेला उतरले की गोव्याचे सांगे आणि केपे हे तालुके. तिथल्या डोंगरांना वरून जांभ्याची टोपी असते. जांभा म्हणजे दगडाचा स्पंज: पावसाळ्यात पाणी पितो, उन्हाळ्यात झरींतून सोडतो. त्या टोपीखालीच लोहखनिज. एक टन खनिज हाती यायचे तर अडीच-तीन टन माती-दगड बाजूला काढावे लागतात. ते शेजारच्याच उतारावर रचतात, आणि पाऊस ते ढिगारे धुऊन खाली शेतात आणतो. तांबडा गाळ भाताच्या मुळांवर बसला की वाळल्यावर त्याची खपली होते. खाण पाण्याच्या पातळीखाली गेली की पंप लावून ते पाणी उपसतात. गावाच्या विहिरी मग फेब्रुवारीतच तळ दाखवतात. आजींचे वाक्य मी तिथे ठेवून पाहिले. तोडलेला डोंगर मे महिन्यातले पाणी जूनमध्येच देऊन टाकतो, तेही मातीसकट.

पोर्तुगिजांनी वाटलेल्या खाण-सवलतींचे १९८७ च्या कायद्याने पट्टे झाले. मग चीनची पोलादाची भूक वाढली, आणि २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या घरात खनिज बाहेर जाऊ लागले. एवढ्याशा राज्यातून. सावर्डे-कुडचड्याचे रस्ते ट्रकांनी भरले. त्या भागात पांढरा शर्ट घालून कुणी बाहेर पडत नसे, अशी थट्टा तेव्हा चाले. न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये आला, त्यात सुमारे ३५,००० कोटी रुपयांच्या नुकसानीचा अंदाज होता. खाणी थांबल्या. २१ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सगळ्या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती. म्हणजे ज्या पाच वर्षांत डोंगर सर्वांत वेगाने उतरला त्या वर्षांत तो उतरवायचा हक्कच कुणाला नव्हता. हा खटला गोवा फाउंडेशनचा. १९८६ पासून ही संस्था न्यायालयात चिवटपणे उभी आहे, आणि ती काही धर्मसंस्था नव्हे.

हे सांगायलाच हवे, कारण अशा गोष्टींत आपल्या माणसांचा वाटा फुगवून सांगायचा मोह होतो. गोव्याचा खाणपट्टा बहुतांशी हिंदू आहे. केपे तालुक्यातल्या कावरेत ट्रक अडवून रस्त्यावर बसले ते मुख्यतः वेळीप-गावडे, डोंगराला देव मानणारे आदिवासी. तिथल्या एका खाणीच्या सरकारी नावातच देवापोण डोंगर आहे. देवाच्या नावाने डोंगर, आणि त्याच नावाने पट्टा. ख्रिस्ती माणसे त्यांच्या शेजारी येऊन बसली. गोव्याच्या आर्चडायोसिसची सामाजिक न्याय आणि शांती परिषद खाणग्रस्त गावांच्या बाजूने जाहीरपणे बोलत राहिली, तिचे फादर गावांमधून फिरत राहिले.

पण चर्चच्या बाकावर सगळेच एका बाजूचे नसतात. एकाच मिस्साला एका बाकावर तो शेतकरी ज्याच्या भातात गाळ आला, आणि मागच्या बाकावर तो ज्याने कर्ज काढून ट्रक घेतला. दोघांची मुले एकाच शाळेत. शांतीचे अभिवादन करताना दोघांनी एकमेकांचा हात हातात घ्यायचा. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रकवाल्याच्या घरची चूल थंड झाली, हेही खरे. डोंगराच्या बाजूने बोलणाऱ्या पाद्र्याला त्या रविवारी दोघांसमोर उभे राहायचे असते. मला त्याच्या धैर्यापेक्षा त्याच्या अडचणीविषयी अधिक आदर वाटतो. न्यायालयाला निकाल देऊन उठता येते. पाद्र्याला पुढच्या रविवारी तीच माणसे भेटतात, आणि त्यांच्यातल्या कुणाचे तरी लग्न लावायचे असते.

आणि वर टांगलेली घंटा? तांबे आणि कथील. तीही कुठल्यातरी डोंगरातूनच निघालेली. माझ्या आजीचा कोयताही लोखंडाचा होता. डोंगराला हात लावूच नका असे म्हणायला तोंड कुणापाशी आहे? पण एका घंटेवर तीनशे वर्षे गावाला वेळ कळते. आणि पाच कोटी टन एका वर्षात जहाजात चढतात तेव्हा गावाला काय कळते? खाणींविरुद्ध उभ्या राहिलेल्यांनी बंदीइतकाच हिशेब मागितला होता, आणि विचारले होते की आमचा मे महिना तुमच्या कुठल्या वहीत लिहिला आहे.

वसईत हा प्रश्न आम्हाला आधी विचारला गेला होता. १९८० च्या दशकाच्या शेवटी बांधकामांची लाट आली, टँकर बावखलांवर, म्हणजे वाड्यांतल्या तळ्यांवर, आणि विहिरींवर तुटून पडले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. मोर्चात नऊवारी नेसलेल्या ख्रिस्ती बायका होत्या, माझी आजीही असे. घरी आल्यावर तिला कुणी विचारले, की फादरांना पाण्याच्या भानगडीत पडायचे काय काम, तर ती म्हणे, बाप्तिस्मा काय ते कोरड्या हाताने देतील? हे दिब्रिटो पुढे २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि २५ जुलै २०२४ ला गेले. आम्ही जिंकलो असे म्हणवत नाही. गच्चीवरची टाकी मी पहिल्याच परिच्छेदात सांगितली आहे. पण काही वाड्या, काही बावखले राहिली ती त्या बायकांमुळे.

बाजारकुणंगमध्ये आज खाण नाही. जोयडा तालुक्याच्या डोंगरांतून एकेकाळी मँगनीज निघे. १९५६ चे दांडेली अभयारण्य खाणींना आणि धरणांना वाट करून देत आकसत गेले. मग १९९० च्या दशकात वनांविषयीचे न्यायालयाचे आदेश आले, इथल्या खाणी थांबल्या, आणि २००७ मध्ये हे रान व्याघ्र प्रकल्प झाले. आज त्याचे नाव काळी व्याघ्र प्रकल्प. त्यातही वेदना आहेच: वाघासाठी रान राखले की त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुणब्याला रस्त्यासाठी, दवाखान्यासाठी परवानगीचा कागद लागतो. डोंगर वाचला एवढे म्हणून हात झटकता येत नाहीत. डोंगर कुणासह वाचला, हेही पाहावे लागते.

मात्र डोंगराला दुसरीकडून धग लागली. जोयडा तालुक्यातच कॅसलरॉक आहे. १८८० च्या दशकात मुरगाव बंदरापासून घाट चढत आलेली रेल्वे तिथे ब्रिटिश हद्दीत शिरली. त्याच मार्गाने आता बंदरात उतरलेला दगडी कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे वर चढतो. मार्ग दुपदरी करायचा ठरला. सोबत रुंद महामार्ग आणि विजेची उच्च दाबाची वाहिनी, तिन्ही गोव्यातल्या मोलेच्या अभयारण्यातून. इथून खनिज गेले ते पोलादासाठीच, आणि हा कोळसा चढतो तोही पोलादासाठीच. वाटेत डोंगर आहे, एवढाच काय तो त्याचा अपराध.

चांदर या गावातून ती रेल्वे जाते. कदंबांची जुनी राजधानी, आता जुन्या ख्रिस्ती घराण्यांचे गाव. तिथले ख्रिस्ती लोक दर वर्षी कार्निव्हलच्या दिवसांत हातात मुसळे घेऊन मुसळ खेळ नाचतात. विजयनगरच्या विजयाची आठवण धर्म बदलल्यावरही त्यांच्या पायांत राहिली आहे. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री तिथल्या रेल्वे फाटकावर हजारो माणसे जमली. रुळांचे काम रात्री होणार होते, म्हणून रात्रीच. तारीख पाहा: एक नोव्हेंबर सर्व संतांचा दिवस, उजाडले की दोन नोव्हेंबर, मृतांचा दिवस. त्या दिवशी आम्ही कबरींवर मेणबत्त्या लावतो. चांदरच्या लोकांनी त्या आदल्या रात्रीच हातात घेतल्या आणि रुळांजवळ उभे राहिले. घुमट वाजत होते, गाणी चालली होती. घाटातली झाडे अजून उभी होती. त्यांच्यासाठी मेणबत्ती आधीच पेटली. गोव्याच्या चर्चनेही तिन्ही प्रकल्पांना उघड विरोध केला. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने २०२१ मध्ये दुपदरीकरणाविरुद्ध अहवाल दिला, आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या टप्प्याची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. एका ख्रिस्ती गावाच्या फाटकावरच्या मेणबत्तीने जोयड्याच्या कड्यावर उजेड पडला. त्या गर्दीतल्या किती जणांनी तो कडा पाहिला असेल?

जगात इतरत्रही हेच घडत आले आहे. अमेरिकेतल्या ॲपलाचियात कोळशासाठी डोंगराचा माथाच सुरुंगाने उडवतात आणि तो शेजारच्या दरीत, ओढ्यावर लोटतात. असे पाचशेहून अधिक डोंगर गेले. तिथल्या कॅथलिक बिशपांनी १९७५ मध्येच त्या लोकांच्या बाजूने पत्र काढले होते. पुढे साध्यासुध्या चर्चमधल्या माणसांनी डोंगरांसाठी ख्रिस्ती गट काढले. मध्य अमेरिकेतल्या एल साल्व्हादोरमध्ये बिशपांनी सह्या गोळा केल्या आणि मार्च २०१७ मध्ये तो देश धातूंच्या खाणींवर संपूर्ण बंदी घालणारा जगातला पहिला देश झाला. डिसेंबर २०२४ मध्ये ती बंदी उठवली गेली. गोव्यातही २०२२ च्या अखेरीपासून पट्ट्यांचे नवे लिलाव झाले. डोंगर एकदा तुटला की कायमचा तुटतो. वाचतो तो मात्र दर वर्षी नव्याने वाचवावा लागतो, भातासारखा.

यात धर्माची बाजू नेहमी निर्मळ होती असे नाही. १९६७ मध्ये लिन व्हाइट या इतिहासकाराने लिहिले की निसर्गावर माणसाची सत्ता आहे या ख्रिस्ती समजुतीतच आजच्या संकटाचे मूळ आहे. त्याला घरातूनच उत्तर सापडले: असिसीचा संत फ्रान्सिस, सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण मानणारा. १९७९ मध्ये पोपनी त्याला पर्यावरणाचा पालक संत केले, आणि २०१५ मध्ये त्याचेच नाव घेतलेल्या पोपनी पृथ्वीवर आख्खे परिपत्रक लिहिले. सगळे खरे. पण मला वाटते, कावरेत शेजारी येऊन बसलेल्या ख्रिस्ती शेतकऱ्याला रोमहून पत्र यायची गरज नव्हती. तो वेदीवर कणीस ठेवत होता. ते कणीस हातात धरून तो मागे मागे चालत गेला: कणसामागे शेत, शेतामागे पाट, पाटामागे झर, झरीमागे डोंगर. तिथे पोहोचल्यावर त्याला यंत्र दिसले. त्याने तिथे उभे राहून जे केले त्याला आम्ही नंतर श्रद्धा, न्याय, पर्यावरण अशी नावे दिली. वाट त्याला कणसाने दाखवली होती. मी माझे पुस्तकात घालून दाबून ठेवले, त्यामुळे मला कुठे जावेच लागले नाही.

निघताना आजींनी माझे कणीस परत दिले. एक गोष्ट त्यांना खटकली होती: दाणा नाही, मग हे पेरणार कसे? त्यांनी आत जाऊन मूठभर बियाणे आणले आणि कागदात बांधून दिले. मी म्हटले, "आजी, आमच्याकडे आता शेत नाही." त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुंडी असेल की."

कुंडीत भात आले. बावीस कणसे. ऑक्टोबरच्या रविवारी मी त्यांची जुडी घेऊन आगेऱ्याला गेले. चर्च भरलेले होते, बायकांच्या हातांत कणसे, कुठे प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली, कुठे लाल फितीने बांधलेली. फादर पाणी शिंपडत बाकांमधून चालत आले. थेंब माझ्या हातावर पडले, काही शेजारणीच्या कणसांवर. ती कणसे फार सुंदर होती, माझ्यापेक्षा भरदार.

मी हळूच विचारले, "भात कुठलं?"

"बाजारातलं," ती म्हणाली.